‘इतर’ नावाचा रकाना: मानसिक आरोग्य जनजागृती प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै

पहिली बैठक झाली. आम्ही पाच जण: एक मानसोपचारतज्ज्ञ, एक समुपदेशक, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, एक चित्रकार आणि मजकूर लिहायला मी. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे, म्हणजे हातात ९९ दिवस. फलक, एक घडीपत्रिका, दोन-तीन सभा एवढं करायचं ठरलं. फलकावरचं वाक्य पंधरा मिनिटांत ठरलं: ‘बोला, मन मोकळं करा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या झटपट जमलेल्या वाक्याची मला जरा धास्ती वाटते, पण पहिल्याच दिवशी कुणाचा विरस कशाला करा म्हणून गप्प राहिलो.

निघताना सिस्टर म्हणाल्या, “बोलतील हो लोक. ऐकायला कोण बसणार आहे?”

७ जुलै

घडीपत्रिकेसाठी वाचन. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ साली मंजूर झाली आणि ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली. तिच्यातल्या आरोग्याच्या व्याख्येतच शारीरिक आणि सामाजिक यांच्या जोडीला ‘मानसिक’ हा शब्द आहे. संघटनेचे पहिले महासंचालक ब्रॉक चिशोम हे तर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे तत्त्व म्हणून हा विषय पहिल्या दिवसापासून कागदावर आहे.

पैसा मात्र दुसरंच सांगतो. संघटनेच्या २०२२ च्या जागतिक अहवालानुसार २०१९ साली सुमारे ९७ कोटी लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होते, म्हणजे दर आठांत एक. आणि देश आपल्या आरोग्यावरच्या सरकारी खर्चातून मानसिक आरोग्याला सरासरी जेमतेम २ टक्के देतात. मध्यम उत्पन्नाच्या देशांत तर या तुटपुंज्या रकमेतलाही ७० टक्क्यांहून जास्त भाग मनोरुग्णालयांकडे जातो. घराजवळच्या केंद्रात, जिथे माणूस सहज जाऊ शकतो, तिथे काय उरत असेल याचा हिशेब करायला गणिती लागत नाही.

मी हे आकडे मोठ्या अक्षरांत मांडले. चित्रकार मैत्रिणीने विचारलं, “हे वाचून रस्त्यावरच्या माणसाने करायचं काय?” उत्तर सुचलं नाही. आकडे आतल्या पानावर गेले.

१४ जुलै

आजचा दिवस महत्त्वाचा. सिस्टरांनी केंद्राची नोंदवही दाखवली, नावांवर कागद झाकून. ताप, खोकला, जुलाब, मधुमेह, रक्तदाब, जखम, लसीकरण, गरोदरपण: ज्याला त्याला आपापला रकाना. अगदी शेवटी ‘इतर’. जून महिन्यात या ‘इतर’मध्ये ६३ नोंदी आहेत. झोप लागत नाही. अंग दुखतं. थकवा. छातीत धडधडतं. डोकं जड. भूक गेली. पुन्हा झोप लागत नाही.

मी उत्साहात म्हणालो, म्हणजे हे सगळे मनाचेच त्रास! आमच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी लगेच लगाम घातला. यात रक्तक्षय असेल, थायरॉईड असेल, नुसती दगदगही असेल. सगळं मनावर ढकलायचं आणि शरीर तपासायचंच नाही, हाही एक अन्यायच. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. ‘त्याचं डोकंच ठीक नाही’ म्हणून छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलंय.

“पण या ६३ पैकी एकालाही मनाबद्दल प्रश्न विचारला गेलेला नाही,” ते म्हणाले. “रकानाच नाही, तर विचारणार कोण?”

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. रकाना नसेल तर महिन्याच्या अहवालात आकडा जात नाही. आकडा गेला नाही तर औषधाची मागणी जात नाही, माणूस नेमला जात नाही. आणि मग कुणीतरी म्हणतं, आमच्याकडे असले रुग्ण येतच नाहीत. आम्ही फलक लावायला निघालोय. काम नोंदवहीत आहे.

१९ जुलै

मागच्या नोंदीवरून बैठकीत वाद. समुपदेशकाचं म्हणणं, नोंदवही हे आपलं काम नाही, आपण जनजागृतीसाठी जमलोय. मी म्हटलं, दोन्ही वेगळं कसं करणार? मत जुळलं नाही. सिस्टर दोन्ही बाजूंना हसत होत्या.

२८ जुलै

फलकावर एका मदतवाहिनीचा क्रमांक द्यायचा होता. छापण्याआधी फोन लावून पाहावा असं सुचलं, कुणी सुचवलं ते विसरलो. वाट अडवायला नको म्हणून प्रत्येक वेळी आधीच सांगायचं की ही चाचणी आहे, असं ठरवलं. चार दिवसांत वेगवेगळ्या वेळी १० फोन केले. उचलले गेले ३. त्यातल्या एका वेळी सांगितलं, सोमवारी करा. एकदा मात्र पलीकडच्या बाईंनी इतक्या मायेने विचारलं की चाचणी आहे हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. दोष त्यांचा नाही. दोन माणसांवर अख्खी वाहिनी चाललीय.

पण हा क्रमांक फलकावर छापायचा? महिनोन्‌महिने धीर गोळा करून कुणी फोन लावणार आणि घंटा वाजत राहणार. त्यापेक्षा फलक नसलेला बरा.

आज एक गमतीची गोष्ट सापडली. जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ साली मानसिक आरोग्याच्या जागतिक महासंघाने सुरू केला. पहिली दोन वर्षं ठरावीक विषय नव्हता. १९९४ ला पहिल्यांदा विषय दिला गेला, तो होता जगभरातल्या मानसिक आरोग्य सेवांचा दर्जा सुधारण्याचा. म्हणजे पहिला विषय सेवांचा, ‘बोला’ असं सांगण्याचा नव्हे. समुपदेशकाला हे मुद्दाम वाचून दाखवलं. तो म्हणाला, “ठीक आहे, जिंकलास. आता सेवा कुठून आणतोस ते सांग.”

२ ऑगस्ट

आणली. म्हणजे सिस्टरांनी आणली. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मंगळवार आणि शुक्रवार दुपारी एक खोली द्यायचं कबूल केलं. समुपदेशक तिथे बसणार, महिन्यातून दोनदा डॉक्टर येणार. क्रमांकाच्या जागी फलकावर आता वार आणि वेळ.

९ ऑगस्ट

खोलीला नाव काय द्यायचं यावर दोन तास गेले.

डॉक्टरांनी झिंबाब्वेचं उदाहरण सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेत काम सुरू केलं. देशात या विषयाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून त्यांनी वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं. आरोग्य केंद्राच्या आवारात एक बाक, त्यावर एक आजी आणि शेजारी त्रासलेलं माणूस. आधी बाकाचं नाव मानसिक आरोग्यावरून होतं, तर कुणी तिथे बसेना. आज्यांनीच ते बदलून मैत्रीचा बाक केलं. आणि आज्या ‘नैराश्य’ म्हणत नाहीत. शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरतात. अर्थ: अति विचार करणं. २०१६ मध्ये या कामाची रीतसर तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली आणि बाकावर बसलेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी स्पष्टपणे कमी आढळली.

‘अति विचार करणं’ ऐकून सिस्टर म्हणाल्या, “अहो, आपल्याकडे येणारी निम्मी माणसं हेच सांगतात. डोक्यात चक्र थांबत नाही म्हणून.”

समुपदेशकाचा आक्षेप: खोलीचं खरं नाव लपवलं तर यात लपवण्यासारखं काहीतरी आहे हे आपणच मान्य करतो. मुद्दा बिनतोड आहे. पण रिकामी खोलीही नको. शेवटी दारावर फक्त ‘खोली क्रमांक ४’, आणि घडीपत्रिकेत पूर्ण नाव. तडजोड आहे. मला पटलेली नाही, पण याहून बरं काही सुचलंही नाही.

१६ ऑगस्ट

भाषा. या कामातला माझा खरा वाटा हाच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

केंद्रात दोन प्रश्न विचारायचे ठरलेत, जगभर वापरात असलेल्या एका छोट्या प्रश्नावलीतले. गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झाला का, आणि उदास किंवा निराश वाटलं का. मी नेटकं मराठी केलं. सिस्टरांनी ते आठ-दहा जणांना विचारून पाहिलं आणि कागद लाल करून परत आणला.

‘निराश वाटतं का?’ याला उत्तर यायचं, “निराश कशाला होऊ? सगळं तर ठीक आहे.” त्याच बाईंना ‘कशात मन लागतं का?’ विचारलं तर डोळे भरून आले. निराशा म्हणजे कुठल्यातरी ठरावीक गोष्टीत अपयश, अशी बहुतेकांची समजूत. ‘नैराश्य’ हा वर्तमानपत्री शब्द, तो दुसऱ्याला होतो. स्वतःचं सांगताना माणसं म्हणतात: जीव रमत नाही. कशात राम वाटत नाही. मन उडालंय. आतल्या आत कुढतोय. कसंनुसं होतं. नुसतं पडून राहावंसं वाटतं. पुरुष बहुतेक वेळा एवढंही म्हणत नाहीत; ‘हल्ली चिडचिड होते’ इथवर येतात आणि थांबतात.

दुसऱ्या टोकाला ‘डिप्रेशन’. हा शब्द तरुण मंडळी इतक्या सहज वापरतात की सामना हरल्यावरही ‘डिप्रेशन आलं’. त्यांना हसण्यात अर्थ नाही, शब्द ओळखीचा झाला हे चांगलंच. पण दोन दिवसांची खंत आणि दोन आठवडे अंथरुणातून उठू न देणारा आजार यांना एकच शब्द पुरला, तर आजारी माणसाच्या वाट्याला ‘मलाही होतं रे, बाहेर फिरून ये’ हा सल्ला येतो. घडीपत्रिकेत म्हणून तीन गोष्टी ठळक केल्या: किती दिवस चाललंय, किती तीव्र आहे, रोजची कामं अडतायत का.

‘मनोरुग्ण’ शब्द काढून टाकला. ‘वेड लागणं’ आम्ही वापरणार नव्हतोच, पण ‘कामाचं वेड’, ‘वेडा आहेस का’ हे माझ्याच बोलण्यात दिवसातून चारदा येतं हे मोजल्यावर कळलं. सवय जाईल तेव्हा जाईल.

प्रश्न आता असे आहेत: “गेले दोन आठवडे कशात मन लागतंय का?” आणि “सारखं उदास, खचल्यासारखं वाटतं का?” डॉक्टरांनी बजावलंय की ‘हो’ म्हणजे निदान नव्हे, पुढे नीट बोलायचं एवढाच त्याचा अर्थ. आणि पुढे बोलायला कुणी नसेल तर हे प्रश्न विचारूच नयेत.

२३ ऑगस्ट

चूक. ‘निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात’ हे वाक्य सगळीकडे असतं, मीही उचललं. डॉक्टरांनी खोडलं. ते २००५ च्या एका अमेरिकी पाहणीवर आधारलेलं. पुढे १९२ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात चौदाव्या वर्षाआधी साधारण एक तृतीयांश आणि अठराव्या वर्षाआधी निम्म्याला थोडे कमी असं दिसतं. मुद्दा तोच राहतो, मुलांकडे लवकर लक्ष द्या. पण चुकीचा आकडा छापून बरोबर मुद्दा सांगायची गरज काय? बदललं.

३० ऑगस्ट

चित्रकाराने सुंदर चित्र आणलं: मेंदू, त्याला जोडलेल्या तारा आणि खाली ‘मधुमेहासारखाच हाही एक आजार’. मला फार आवडलं. डॉक्टरांना नाही.

त्यांचं म्हणणं असं. ‘हा मेंदूचा आजार आहे’ असं सांगितल्याने लोक उपचार जास्त मान्य करतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय. पण त्याच लोकांना ‘असा माणूस शेजारी राहिला तर चालेल का, नोकरीवर घ्याल का’ विचारलं तर उत्तर सुधारत नाही. कारण ‘मेंदूतच बिघाड’ ऐकल्यावर मनात येतं, मग हा कधीच बरा होणार नाही, कधी काय करेल नेम नाही. दूरत्व कमी होतं ते ओळखीने: आजारातून गेलेलं माणूस समोर बसून बोललं की.

चित्र बाजूला ठेवलं. चित्रकार दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी तिचा निरोप आला, “मेंदू नको असेल तर दोन खुर्च्या काढते.”

१३ सप्टेंबर

पहिली सभा. बोलायला एक गृहस्थ आले होते. बावीस वर्षं द्विध्रुवी विकारासोबत (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी आणणारा ‘बायपोलर’ आजार) जगतायत; नाव लिहीत नाही. सूत्रसंचालकाने ‘आजारावर मात करून उभे राहिलेले’ अशी ओळख करून दिली. ते उठले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, “मी मातबित काही केलेली नाही. गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून परवाच डॉक्टरांशी भांडून आलोय.”

सभागृह हसलं आणि सैल झालं. पुढची चाळीस मिनिटं माणसं जागची हलली नाहीत. आजार चढतो तेव्हा तीन रात्री झोप लागत नाही आणि तरी थकवा नसतो. वाटतं आपल्याला सगळं समजलंय. बायकोने ही चिन्हं एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने आजारपणानंतर फक्त ‘तुझी फाईल तशीच ठेवलीय’ एवढं म्हटलं, ते अजून आठवतं. “बाकीचे फार जपून बोलायचे. जपून बोललं की कळतं, आपण काचेचे झालोय.”

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एका मुलाने विचारलं, “तुम्हाला राग येतो का, लोक वेडा म्हणतात त्याचा?” ते म्हणाले, “येतो.” आणि खाली बसले.

माझी तयार केलेली दोन भाषणं मी खिशातच ठेवली.

१८ सप्टेंबर

स्थानिक वार्ताहरांशी बैठक. तिघे आले, अपेक्षेपेक्षा दोन जास्त.

विषय: आत्महत्येची बातमी कशी द्यावी. जागतिक आकडा वर्षाला सात लाखांहून अधिक मृत्यूंचा आहे. व्हिएन्नामध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या येत असत. १९८७ साली तिथल्या तज्ज्ञांनी वृत्तपत्रांना मार्गदर्शक सूचना दिल्या, वृत्तपत्रांनी त्या पाळल्या आणि त्या ठिकाणच्या घटना झपाट्याने घटल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००० पासून माध्यमांसाठी अशी पुस्तिका काढली आहे.

मग आपल्या मथळ्यांवर आलो. पद्धत मथळ्यात नको, हे त्यांना लगेच पटलं. ‘अमुक कारणातून आत्महत्या’ यावर मात्र वाद झाला; कारण दिलं नाही तर संपादक विचारतो. पण कारण कधीच एक नसतं, आणि तसं छापलं की त्याच संकटात असलेल्या वाचकाला तो सरळ रस्ता वाटतो. ‘जीवनयात्रा संपवली’ मला सगळ्यात खटकतं. कुणीतरी प्रवास पूर्ण करून शांतपणे उतरल्यासारखं. त्या माणसाची शांतता नव्हती ती. साधं ‘आत्महत्येने मृत्यू’ लिहा, आणि खाली मदत कुठे मिळते ते लिहा. एक वार्ताहर म्हणाला, खालची ओळ जागेअभावी सगळ्यात आधी कापली जाते. तर मग वर घ्या, सिस्टर म्हणाल्या.

स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातही हाच विषय निघाला. सगळ्यांची भीती एकच: विचारलं तर त्याच्या मनात नसलेला विचार आपणच घालू. अभ्यास उलट सांगतात. थेट आणि शांतपणे विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट सांगायची वाट मोकळी होते. सरावात हा प्रश्न तोंडाने उच्चारायला प्रत्येकाला तीन-चार प्रयत्न लागले. मलाही. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं.

२५ सप्टेंबर

समुपदेशक आणि मी, जुना वाद, नवी बाजू. त्यानेच आज श्रीलंकेचं उदाहरण काढलं. १९९५ च्या सुमारास तिथलं आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी एक होतं. अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. यात कुणी कुणाला ‘मन मोकळं करा’ सांगितलं नव्हतं. संकटाचा तो तास टळला तर बहुतेकांचं आयुष्य पुढे चालतं. “म्हणजे तुझी नोंदवही बरोबर होती,” तो म्हणाला. मी हे वाक्य तारखेसह नोंदवून ठेवतोय.

१ ऑक्टोबर

फलक छापून आले. ‘शुक्रवार’च्या जागी ‘शुक्रवर’. पुन्हा छापायला पैसे नाहीत. चित्रकाराने एका बैठकीत २०० काने हाताने काढले.

फलकावर शेवटी दोन खुर्च्या आहेत, एक रिकामी. वाक्य बदललं: ‘कुणी गप्प गप्प झालंय? विचारा. ऐका. सोबत या. खोली क्रमांक ४.’ त्रासात असलेल्या माणसावरच बोलायची जबाबदारी टाकणारं जुलैतलं वाक्य गेलं याचं मला सगळ्यात जास्त समाधान.

१० ऑक्टोबर

दिन झाला. फेरी, भाषणं, छायाचित्रं. एका पाहुण्यांनी ‘सकारात्मक विचार करा, सगळं ठीक होईल’ असं जोरात सांगितलं. डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

खोली क्रमांक ४ मध्ये दिवसभरात कुणीही आलं नाही.

१७ ऑक्टोबर

तीन जण. त्यातले दोघे दुसऱ्याला घेऊन आले होते.

६ नोव्हेंबर

सिस्टरांनी ऑक्टोबरची नोंदवही दाखवली. ‘इतर’च्या आधी पट्टीने ओढलेली एक उभी रेघ आणि वर निळ्या शाईत ‘मन’. छापील वहीत हा रकाना नाही, प्रत्येक पानावर त्या स्वतः आखतात. वरच्या कार्यालयाने अहवालात हा आकडा कुठे भरायचा विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, जागा तुम्ही करा, आकडा मी देते. अजून जागा झालेली नाही. त्या वेगळ्या कागदावर लिहून जोडतात.

‘मन’खाली ११ नोंदी. दुसऱ्यांदा आलेले ४. न आलेल्या सातांकडे कुणी आणि कसं जायचं, हा पुढच्या बैठकीचा विषय. त्यांच्या परवानगीशिवाय घरी जायचं नाही एवढंच आत्ता ठरलंय. पुढच्या मंगळवारी डॉक्टर नाहीत, पाटी बदलायला हवी.